परका मजूर आणि मजुरीचा दर : कॅलिफोर्नियातील ब्रासेरो योजनेचा इतिहास

सीमाभागातील एका धर्मग्रामात मी सेवेला असताना एका रविवारी मिस्सानंतर एक बांधकाम मजूर मला भेटावयास आला. त्या दिवशीचा माझा उपदेश लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायावर होता. परदेशीयाला आपल्यातलाच माना, ही त्यातील आज्ञा. गृहस्थ सौम्य स्वभावाचा. तो म्हणाला, "फादर, परक्यावर प्रीती करायची हे कळलं. पण बाहेरची माणसं आली आणि आमचा रोज पडला, त्याचं काय करायचं?" मी त्याला रूथची गोष्ट सांगितली. त्याने मान डोलावली आणि तो निघून गेला. ज्याने आयुष्यात एक दिवसही रोजावर काम केलेले नाही अशा माणसाने दिलेले ते उत्तर होते, हे माझ्या नंतर ध्यानात आले.

त्याची तक्रार खरी की खोटी, ह्याचा विचार न करताच मी त्याला शास्त्रवचन ऐकवले होते. बाहेरून मजूर आले की स्थानिक अकुशल मजुराची मजुरी खरोखरच खाली येते काय? येत असेल तर ती कोण खाली आणतो? ह्या प्रश्नांचा मागोवा घेताना मला सर्वांत बोधप्रद वाटला तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताचा इतिहास. तेथे परदेशी मजूर आणणे हे बावीस वर्षे सरकारचे उघड धोरण होते. ते कायद्याने एका ठरलेल्या दिवशी बंद झाले. त्यामुळे आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे ताडून पाहता येते. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. त्या झगड्यात ख्रिस्ती धर्मगुरू अगदी मध्यभागी सापडले होते.

कॅलिफोर्नियाची शेती आपल्या शेतीसारखी कधीच नव्हती. विस्तीर्ण मळे, फळे आणि भाजीपाला, आणि हंगामापुरतीच लागणारी हजारो माणसे. ही माणसे पुरवावयाची कोठून, हा तेथील बागायतदारांचा पहिल्यापासूनचा प्रश्न. प्रथम चिनी आले. १८८२ च्या कायद्याने त्यांचे येणे थांबविले. मग जपानी आले. १९०७-०८ च्या सुमारास उभय सरकारांतील समझोत्याने त्यांनाही आळा बसला. त्यानंतर आपले पंजाबी शीख शेतकरी इम्पीरियल खोऱ्यात राबू लागले. १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक भागांना दार बंद झाले, आणि १९२३ साली भगतसिंग थिंड ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य नागरिकत्वास पात्र नाही असा निर्णय दिला. फिलिपिनो आले, १९३४ च्या कायद्याने त्यांची संख्या वर्षाला अवघ्या ५० वर आणली गेली. मंदीच्या त्याच दशकात लाखो मेक्सिकनांना आगगाड्यांत बसवून परत धाडण्यात आले, आणि त्यांत अमेरिकेतच जन्मलेली मुलेही होती. प्रत्येक वेळी ओरड एकच : हे लोक स्वस्तात राबतात आणि गोऱ्या मजुराचा घास काढून घेतात. प्रत्येक वेळी एका जमातीला घालविले गेले, आणि लगोलग दुसरी आणली गेली. मळ्यातली मजुरी मात्र वर्षानुवर्षे इतर धंद्यांच्या तळाशीच राहिली. येणारा बदलत होता आणि दर बदलत नव्हता. तेव्हा दराचे मूळ येणाऱ्याच्या अंगी नसावे, असा संशय येथेच यावयास हवा होता.

दुसरे महायुद्ध सुरू झाले, तरुण सैन्यात आणि कारखान्यांत गेले, आणि बागायतदारांनी माणसे नाहीत अशी हाकाटी केली. ४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिका आणि मेक्सिको ह्या दोन सरकारांत करार झाला. त्या अन्वये जे मजूर आले त्यांना 'ब्रासेरो' म्हणत. स्पॅनिश भाषेत 'ब्रासो' म्हणजे बाहू. पोर्तुगीज जाणणाऱ्या गोव्यातील वाचकांना हा शब्द परका वाटणार नाही. बाहूंनी काम करणारा तो ब्रासेरो. मनुष्य नको, त्याचे बाहू तेवढे हवेत, असा अर्थ त्या शब्दात कोणी मुद्दाम घातला नव्हता. पण व्यवहार त्याच अर्थाने झाला.

कागदावर हा करार उत्तम होता. तासाला किमान ३० सेंट, राहण्याची सोय, जाण्यायेण्याचा खर्च, आणि कराराच्या मुदतीपैकी तीन चतुर्थांश दिवस काम मिळण्याची हमी. त्या वेळी अमेरिकन शेतमजुराला ह्यांतले काहीच कायद्याने मिळत नव्हते. स्थानिक मजुराच्या रक्षणासाठी दोन कलमे होती : ब्रासेरोला त्या भागातील 'प्रचलित दर' मिळावा, आणि जेथे स्थानिक मजूर मिळत नाहीत तेथेच तो आणला जावा. युद्ध संपले तरी योजना संपली नाही. १९५१ साली तिला स्वतंत्र कायद्याचे रूप मिळाले, आणि १९५६ मध्ये एका वर्षात सुमारे ४ लाख ४५ हजार ब्रासेरो आणले गेले. बावीस वर्षांत झालेल्या करारांची एकूण संख्या पंचेचाळीस लाखांवर जाते. अर्थात एकच मनुष्य अनेकदा आलेला असल्याने माणसांची संख्या त्याहून कमी.

आता 'प्रचलित दर' म्हणजे काय, ते पाहू. बाजारात मजूर आणि मालक समोरासमोर येतात व दर ठरतो, असे आपण समजतो. येथे हंगामापूर्वी बागायतदारांचे संघ एकत्र बसत आणि ह्या वर्षी आम्ही इतके देणार असे ठरवीत. सरकारी अधिकारी तोच आकडा 'प्रचलित' म्हणून नोंदवीत. त्या दराला स्थानिक मजूर आले नाहीत, की मजुरांचा तुटवडा सिद्ध झाला, आणि तुटवडा सिद्ध झाला की ब्रासेरो मागविता येत. ब्रासेरोला तो दर नाकारता येत नव्हता, कारण त्याचा करार एका मालकाशी वा मालकांच्या एका संघाशी बांधलेला असे. शेजारच्या मळ्यात दोन सेंट अधिक मिळतात म्हणून तो तेथे जाऊ शकत नव्हता. तक्रार केली तर परतीची गाडी. ज्याला सोडून जाता येत नाही अशा मनुष्याच्या शेजारी काम करणाऱ्याला स्वतःचा दर वाढवून मागता येत नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली येथे आहे. मजूर सीमेपलीकडचा होता, ही गोष्ट त्या मानाने गौण.

दुसऱ्या कलमाची गत सीझर चावेझ ह्यांनी १९५८-५९ मध्ये ऑक्सनार्ड येथे उघडी पाडली. चावेझ ह्यांचे आजोबा मेक्सिकोतून आलेले. मंदीच्या काळात ॲरिझोनातील जमीन गेली आणि सारे कुटुंब मळ्यामळ्यांतून राबू लागले. ऑक्सनार्डच्या स्थानिक मजुराला मळ्यावर काम मिळवावयाचे तर आधी दुसऱ्या गावच्या सरकारी कचेरीत जाऊन चिठ्ठी आणावी लागे. कचेरी उघडून चिठ्ठी हाती पडेपर्यंत सकाळ निघून जाई. तोवर ब्रासेरोंच्या गाड्या पहाटेच मळ्यावर पोहोचलेल्या असत, आणि चिठ्ठी घेऊन गेलेल्याला 'आज जागा भरल्या' असे उत्तर मिळे. दुसऱ्या दिवशी कालची चिठ्ठी चालत नसे. चावेझ ह्यांनी माणसांना रोज त्या कचेरीत नेले, रोज चिठ्ठ्या घेतल्या, रोजचा नकार लिहून ठेवला. भाषणांपेक्षा त्या नोंदींनी अधिक काम केले. स्थानिक मजूर मिळत नाहीत हा दावा किती पोकळ होता, ते सरकारी अधिकाऱ्यांना त्यांच्याच कागदांवरून दाखविता आले.

हे चावेझ घडले कसे, ह्यात एका धर्मगुरूचा वाटा आहे. सान फ्रान्सिस्को महाधर्मप्रांतात १९५० साली काही तरुण धर्मगुरूंना स्थलांतरित मजुरांच्या सेवेसाठी मोकळे करण्यात आले. त्यांना ठराविक चर्च नव्हते. मळे आणि मजुरांच्या छावण्या हेच त्यांचे धर्मग्राम. त्यांतील फादर डॉनल्ड मॅकडॉनेल ह्यांची सान होझे येथील एका गरीब वस्तीत चावेझ ह्यांच्याशी गाठ पडली. त्यांनी ह्या तरुणाला पोप तेरावे लिओ ह्यांचे १८९१ चे 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक वाचावयास दिले. महात्मा गांधींच्या चरित्राची ओळखही त्याच काळातली. दुसरे, फादर थॉमस मॅकक्लो ह्यांनी १९५८ मध्ये स्टॉकटन येथे शेतमजुरांची संघटनाच उभारली. हे धर्मगुरू ब्रासेरो योजनेचे कडवे विरोधक होते. ब्रासेरो छावण्यांत ते मिस्सा अर्पीत, पापनिवेदन ऐकत, आणि बाहेर येऊन ही योजना बंद करा असे सांगत. ह्यात विसंगती आहे असे त्यांना वाटले नाही, आणि मलाही वाटत नाही. पुढे एका संपाच्या काळात मजुरांच्या सभेला त्यांचे जाणे बागायतदारांना खपले नाही, वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभीच तो गट विसर्जित झाला.

ह्याच सुमारास एर्नेस्तो गालार्सा ह्या विद्वान कार्यकर्त्याचे लेखन ह्या विषयावर प्रसिद्ध झाले. ते स्वतः मेक्सिकोत जन्मलेले आणि बालपणी मळ्यांत राबलेले. १९४७ च्या दि जोर्जिओ मळ्यावरील संपात त्यांनी पाहिले होते, की तेथील ब्रासेरोंनी आरंभी संपकऱ्यांबरोबर काम थांबविले. मग पोलीस अधिकारी आणि मेक्सिकन वकिलातीचे लोक येऊन त्यांना समजावून गेले, आणि ते कामावर परतले. संप फुटला. ब्रासेरोला संपकऱ्याविषयी द्वेष होता असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याला पर्याय नव्हता.

येथे एका मराठी माणसाची आठवण अप्रस्तुत होणार नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे गदर चळवळीनंतर भटकत मेक्सिकोत पोहोचले, आणि १९२० च्या दशकापासून चापिंगो येथील कृषिविद्यालयात त्यांनी मक्याच्या वाणांवर काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा ह्यांनी आपल्या एका भित्तिचित्रात भाकरी मोडून वाटणारा म्हणून त्यांना रंगविले आहे. मेक्सिकोच्या कोरडवाहू गावांत पोट भरले असते तर लाखो माणसे उत्तरेस गेली नसती, हे त्यांना त्या काळी तेथे राहून दिसले असेल.

१७ सप्टेंबर १९६३ रोजी चुआलार गावाजवळ ब्रासेरोंना घेऊन जाणारे एक वाहन मालगाडीसमोर आले आणि ३२ जण ठार झाले. सपाट ट्रकवर बाके ठोकून ते वाहन बनविलेले होते. लोकमत आधीच फिरले होते. ह्या घटनेने ते पक्के झाले. ३१ डिसेंबर १९६४ रोजी योजना संपली. मजुरांचे पुढारी, धर्मगुरू, वॉशिंग्टनमधील अधिकारी, सर्वांची अपेक्षा एकच होती : आता माणसे कमी पडतील, आणि मजुरी वाढेल.

ती तशी वाढली नाही. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुईस आणि हॅना पोस्टल ह्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळचे सरकारी आकडे तपासून २०१८ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या राज्यांत ब्रासेरो पुष्कळ होते तेथील शेतमजुरी, ज्या राज्यांत ते नव्हतेच तेथल्यापेक्षा अधिक वेगाने वाढली नाही. मग गेलेल्या मजुरांची जागा कोणी घेतली? बऱ्याच अंशी यंत्रांनी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रात जॅक हॅना ह्यांनी जाड सालीचा, एकदम पिकणारा टोमॅटो तयार केला होता आणि कोबी लोरेन्झेन ह्यांनी तो तोडणारे यंत्र. १९६४ मध्ये त्या प्रांतातील प्रक्रियेच्या टोमॅटोपैकी शेकडा ४ हून कमी यंत्राने तोडला जाई. १९६८ मध्ये शेकडा ९५. यंत्र नव्हते तेथे, म्हणजे शतावरी वा स्ट्रॉबेरीसारख्या पिकांत, मालकांनी लागवडच आवरती घेतली. स्थानिक मजुराच्या वाट्याला ती जागा आलीच नाही. ती नाहीशी झाली.

हे वाचल्यावर मी काही दिवस अस्वस्थ होतो. त्या धर्मगुरूंना मी मनोमन आदर्श मानीत आलो आहे. बांधलेल्या मजुरीविरुद्ध त्यांनी जे म्हटले ते खरे होते. परक्याला दूर केले की आपल्या माणसाची मजुरी वाढेल, हे त्यांचे गणित मात्र चुकले. नैतिक निर्णय बरोबर असला म्हणजे हिशेब आपोआप बरोबर येतो, असा समज आपल्या व्यवसायात फार आहे.

पण एवढ्यावर थांबणेही अर्धसत्य ठरेल. १९६५ च्या वसंतात कोचेला खोऱ्यात काही थोडे परदेशी मजूर विशेष परवानगीने आणले गेले, आणि परक्यामुळे स्थानिक दर पडू नये म्हणून सरकारने त्यांच्यासाठी तासाला १ डॉलर ४० सेंट दर बांधून दिला. शेजारी काम करणाऱ्या फिलिपिनो मजुरांना त्याहून कमी मिळत होते. त्यांनी संप केला आणि १ डॉलर ४० सेंट मिळविले. तेच मजूर द्राक्षांमागून उत्तरेस डिलानोला गेले, तेथील मालकांनी तो दर नाकारला, आणि लॅरी इटलियाँग ह्यांच्या नेतृत्वाखाली ८ सप्टेंबरला तेथेही संप पुकारला गेला. आतापर्यंतची रीत अशी, की फिलिपिनोंनी संप केला की मेक्सिकनांना आणावे, आणि मेक्सिकनांनी केला की फिलिपिनोंना. ह्या वेळी चावेझ ह्यांच्या संघटनेची सभा १६ सप्टेंबरला डिलानोच्या कॅथोलिक चर्चच्या सभागृहात भरली, आणि मेक्सिकन मजूर फिलिपिनोंच्या संपात सामील झाले. संप फोडण्यास ब्रासेरो आता उपलब्ध नव्हते. म्हणजे योजना बंद होण्याने दर चढला नाही, तरी मजुरांना एकत्र उभे राहण्यास जागा झाली. दर चढविला तो ह्या एकजुटीने आणि द्राक्षांवरील देशव्यापी बहिष्काराने. २९ जुलै १९७० रोजी डिलानोच्या मालकांनी करारावर सह्या केल्या.

ह्या पाच वर्षांत तेथल्या धर्मगुरूंची जी कुचंबणा झाली तिची कल्पना आपण करू शकतो. डिलानोचे अनेक बागायतदार क्रोएशियन आणि इटालियन वंशाचे कॅथोलिक होते. मालक आणि मजूर एकाच वेदीपाशी ख्रिस्तप्रसाद घेत. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या वतीने क्रिस हार्टमायर आणि त्यांचे सहकारी संपकऱ्यांत उतरले, तेव्हा गावातील त्यांच्याच पाळकांनी त्यांचा निषेध केला. चर्चचे छप्पर कोणाच्या देणगीतून झाले, हे सर्वांना ठाऊक होते. शेवटी १९७० मध्ये अमेरिकन बिशपांच्या समितीने, बिशप जोसेफ डॉनेली आणि मोन्सिन्योर जॉर्ज हिगिन्स ह्यांच्याद्वारे, दोन्ही पक्षांना समोरासमोर बसविले.

चावेझ ह्यांच्या चरित्रातील एक पान त्यांचे भक्त बहुधा गाळतात. १९७४ साली ॲरिझोनाच्या सीमेवर संप चालू असताना चोरून येणाऱ्या मेक्सिकन मजुरांना रोखण्यासाठी त्यांच्या संघटनेने स्वतःची पहाऱ्याची रांग उभी केली, आणि तेथे मारहाणीचे प्रकार झाले. बेकायदा मजुरांची माहिती सरकारी खात्याला कळविण्याची मोहीमही त्याच वर्षातली. ज्यांचे आजोबा तीच सीमा ओलांडून आले होते त्यांनी हे करावे, ह्याचे दुःख त्यांच्या सहकाऱ्यांपैकी अनेकांना झाले. पुढे त्याच संघटनेने अशा मजुरांना कायदेशीर दर्जा द्यावा अशी बाजू घेतली. भीती खोटी नव्हती. ज्याला पकडले जाण्याचे भय आहे तो संप करीत नाही. पण ते भय ज्यांच्या उपयोगी पडते ते मालक दूर राहतात, आणि हात उगारला जातो तो भयग्रस्तावर.

अर्थशास्त्रज्ञांचा वाद अद्याप मिटलेला नाही. १९८० मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसे बोटींनी फ्लोरिडात आली आणि मायामी शहराचे मनुष्यबळ काही महिन्यांत शेकडा ७ ने वाढले. डेव्हिड कार्ड ह्यांना १९९० मध्ये तेथील अकुशलांच्या मजुरीवर परिणाम दिसला नाही. जॉर्ज बोर्हास ह्यांनी तेच आकडे पुन्हा चाळून, शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या पुरुषांची मजुरी बरीच घसरली असे २०१७ मध्ये मांडले, आणि त्यांनी निवडलेला नमुना फार लहान असल्याचा आक्षेप त्यावर आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये सारे संशोधन एकत्र पाहून म्हटले, की एकूण मजुरीवर दीर्घकाळात परिणाम अल्प असतो. जो काही फटका बसतो तो मुख्यतः थोडे आधी आलेल्या स्थलांतरितांना, आणि त्यांच्या खालोखाल कमी शिकलेल्या स्थानिकांना. म्हणजे आजच्या परक्याची सर्वाधिक झळ कालच्या परक्याला. १९७४ च्या त्या रांगेचे कोडे मला ह्यामुळे थोडे उलगडले.

ब्रासेरोंचे एक देणे मात्र दीर्घकाळ फिटले नव्हते. आरंभीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून दहावा हिस्सा बचत म्हणून कापून घेतला जाई आणि तो मेक्सिकोत परतल्यावर मिळावयाचा होता. पुष्कळांना तो मिळाला नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाची चौथी ओवी येथे शब्दशः लागू पडते. मेक्सिकोच्या सरकारने २००५ मध्ये निधी उभारून ३८,००० पेसो देऊ केले. तोवर त्या काळचे अनेक मजूर मरण पावले होते, आणि उरलेल्यांना सुमारे साठ वर्षांपूर्वीच्या कराराचे कागद शोधावे लागले, तेही ज्यांनी जपले होते त्यांनाच सापडले. आज अमेरिकेत हंगामी शेतमजुरांसाठी दुसरी योजना आहे. २०२३ मध्ये तिच्याखाली साडेतीन लाखांहून अधिक जागा मंजूर झाल्या. त्यांच्या परवान्यावरही एकाच मालकाचे नाव असते.

हे सारे वाचून झाल्यावर त्या बांधकाम मजुराची आणि माझी पुन्हा गाठ पडली. ह्या वेळी मी त्याला शास्त्रवचन सांगितले नाही. बाहेरून आलेल्या त्या माणसांना मजुरी कोण देतो आणि केव्हा देतो, एवढेच विचारले.

"मुकादमाकडं असते त्यांची," तो म्हणाला. "काम संपलं की एकदम मिळते. मधे सोडून गेला तर बुडाली. म्हणून तो सांगेल त्या दरानं राबतात बिचारे." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "आता आम्हालाबी तसंच म्हणाय लागलाय, फादर. आठवड्याचा हिशेब बंद, शेवटी एकदम घ्या म्हणतो."